काटा खाली आला म्हणून खुश होऊ नका: गाडीतले टेंपरेचर सेन्सर ओळखणं, तपासणं, सांभाळणं

मे महिन्यातली दुपार. पंढरपूरहून मोहोळमार्गे सोलापूरला येत होतो. गाडीत आई, बायको, मागे दोन पोरं, एसी फुल. मोहोळ सोडल्यावर टेंपरेचरचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकायला लागला. लाल पट्ट्याच्या जरा अलीकडे जाऊन थांबला आणि दोन-तीन मिनिटांत आपला आपण खाली आला, नेहमीच्या जागेच्याही खाली. मी म्हटलं, पांडुरंग पावला. गाडी तशीच दामटली. सावळेश्वरचा टोलनाका यायच्या आतच बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी उभी राहिली.

काटा खाली का आला होता ते नंतर कळलं. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, हळूहळू गळत होतं. पातळी इतकी उतरली की सेन्सरचं टोक पाण्याऐवजी नुसत्या वाफेच्या पोकळीत लोंबकळत राहिलं. पाण्यासारखी उष्णता वाफ आणि हवा त्याच्यापर्यंत पोचवत नाहीत, त्यामुळे इंजिन भाजत असताना सेन्सर बिचारा ‘थंड आहे’ म्हणून सांगत होता. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकलं, त्याखालचं गॅस्केट उडालं, बिल पाच आकडी आलं. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की त्याच्या आधीच्या महिन्याभरात त्याच तक्रारीवर एका गॅरेजने दोनदा सेन्सर बदलला होता. ‘मालक, सेन्सर गेलाय बगा, नवीन टाकू.’ दोन्ही वेळा जुना सेन्सर चांगला होता. होज पाइपाखाली हात घालून ओल बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, मीही नाही.

म्हणून या लेखात सेन्सर बदलायचा कसा हे शेवटाकडे येईल. आधी तो खरं बोलतोय की खोटं, हे घरच्या घरी ताडून कसं बघायचं ते. माझ्या अनुभवात सेन्सरवर आळ येतो आणि चोर दुसराच निघतो: कमी कूलंट, सैल कपलर (तारांचा जोड), अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा वाल्व) किंवा मेलेला फॅन.

सेन्सर म्हणजे आत असतं काय

गाडीतले बहुतेक टेंपरेचर सेन्सर एकाच जातीचे असतात. पितळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोपणात एक छोटा दाणा असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. त्याचा गुण एवढाच की तापला की ढिला पडतो. थंड असताना विजेला जोरात अडवतो आणि गरम होत जाईल तसा तो विरोध कमी होत जातो. उलट्या चालीच्या या थर्मिस्टरला एनटीसी म्हणतात.

गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, या दाण्याकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि तारेवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. व्होल्ट जास्त उरले तर थंड, कमी उरले तर गरम. आता गंमत बघा. तार तुटली किंवा कपलर निघाला तर ईसीयूला वाटतं विरोध अफाट आहे, म्हणजे भयंकर थंडी, आणि स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, आकडा येतो उणे ४०. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर विरोध शून्य, म्हणजे आग लागल्यासारखी गरमी, आकडा १३० ते १४०. एवढं डोक्यात बसलं की अर्धं निदान झालं. सोलापुरात बसून गाडी उणे ४० दाखवत असेल तर दाणा खराब असण्याआधी तार तुटलेली असण्याची शंका घ्यावी.

या एका आकड्यावर बऱ्याच गोष्टी टांगलेल्या असतात. थंड इंजिनाला पेट्रोल किती जास्त द्यायचं, आयडलिंग किती ठेवायचं, स्पार्क कधी द्यायचा, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, इंजिन फार तापलं तर एसीचा कॉम्प्रेसर तोडायचा का, डिझेलमध्ये ग्लो प्लग किती वेळ तापवायचे. त्यामुळे सेन्सर सतत ‘थंड, थंड’ म्हणत राहिला तर गाडी उगाच पेट्रोल पीत राहते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज बसतं आणि गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुरतं. उलट थंड असताना ‘गरम’ म्हणाला तर सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते.

कुठले सेन्सर, कुठे बसवलेले

मुख्य तो कूलंटचा. वरचा जाड होज पाइप इंजिनाला जिथे मिळतो, त्या थर्मोस्टॅटच्या घराजवळ बहुधा सापडतो, दोन पिनांचा कपलर लावलेला. जुन्या गाड्यांत तिथे दोन-तीन वेगळे असायचे: काट्यासाठी एका तारेचा, ईसीयूसाठी दोन तारांचा आणि फॅनसाठी नुसता स्विच. त्यामुळे जुन्या गाडीत काटा बरोबर आणि ईसीयूला मिळणारा आकडा चुकीचा, असंही होतं. नव्या गाड्यांत एकच सेन्सर सगळ्यांना पुरतो.

दुसरा आत येणाऱ्या हवेचा. तो एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर किंवा हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या पोटातच असतो. तिसरा बाहेरच्या हवेचा, पुढच्या बंपरच्या जाळीमागे. चौथा एसीच्या कूलिंग कॉइलच्या पात्यांत खोचलेला. ऑटोमॅटिक एसी असेल तर डॅशबोर्डवर छोट्या जाळीमागे केबिनचा आणखी एक. बीएस-६ डिझेल असेल तर सायलेन्सरच्या पाइपवर वेगळेच, त्यांचं पुढे बघू.

पहिली तपासणी: सकाळची, फुकटातली

माझी सगळ्यात आवडती तपासणी ही. गाडी रात्रभर उभी ठेवा, उन्हात नको. सकाळी सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनर लावा. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल, म्हणजे छोटा स्कॅनरच, काहीशे रुपयांत मिळतो, मोबाइलवर ॲप घ्यायचं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांत तो चालायला हरकत नाही.

आता तीन आकडे शेजारी शेजारी बघा: कूलंट, आत येणारी हवा, बाहेरची हवा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सगळंच एका तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे तिन्ही आकडे दोन-चार अंशांच्या आत जुळायला हवेत. २४, २५, २५ असं आलं तर तिघेही शहाणे. २४, २५ आणि तिसरा ४१ असेल तर खोटारडा सापडला. कुठला पार्ट काढला नाही, पाना लागला नाही.

ज्यांच्या गाडीत काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे, त्यांनी तर डोंगल घ्यावाच. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा असलेल्यांनीही भुलू नये. बऱ्याच कंपन्या काटा मुद्दाम सुस्त ठेवतात. कूलंट ८० असो की १०० च्या पुढे, काटा मधोमध बसून राहतो. गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून केलेली ही सोय, पण काटा हलायला लागला तेव्हा प्रकरण आधीच पुढे गेलेलं असतं.

दुसरी तपासणी: आकडा चढताना बघा

आता गाडी सुरू करा, एसी बंद, नुसती आयडलिंगवर. आकडा सावकाश पण न अडखळता चढला पाहिजे. ४०, ४१, ४३, ४४ असा. मध्येच ५० वरून ३२ आणि परत ५२ अशी उडी मारली तर कपलर किंवा तार सैल आहे. उडी बघायची असेल तर आयडलिंगवर कपलर हलक्या हाताने हलवून बघा, फॅनच्या पात्यांपासून बोटं लांब ठेवून. फॅन न सांगता सुरू होतो.

८२ ते ८८ च्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो. तेव्हा वरचा होज पाइप, जो इतका वेळ कोमट होता, एकदम गरम लागायला लागतो. आकडा क्षणभर थांबतो किंवा एक-दोन अंश उतरतो. मग परत चढतो आणि ९५ ते १०० च्या दरम्यान कुठेतरी फॅन लागतो, आकडा चार-सहा अंश उतरला की फॅन बंद होतो. हा खेळ दोनदा बघा आणि आपल्या गाडीचे आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी गाडी हीट मारायला लागली तर हाच कागद कामाला येईल.

आकडा ७० च्या आसपासच घुटमळत राहिला, हायवेवर तर ६५ ला उतरला, तर सेन्सरवर संशय घेऊ नका. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, नाहीतर कोणीतरी तो काढूनच टाकलाय. आपल्याकडे हा रोग जुना आहे. ‘आपल्याकडच्या उन्हाला थर्मोस्टॅट लागतच नाही, मालक’ असं म्हणून उन्हाळ्यात वाल्व काढून फेकून देणारे मिस्त्री मी स्वतः बघितलेत. गाडी तात्पुरती थंड राहते खरी, पण इंजिन कधीच नीट तापत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइल पातळ होत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०१२८ हा बिघाडाचा कोड आला की त्याचा अर्थ बहुधा हाच: कूलंट वेळेत तापलं नाही. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे पोराला ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं.

बाकीचे कोड लक्षात ठेवायला सोपे आहेत. पी ०११८ म्हणजे तार तुटल्यासारखा थंड आकडा, पी ०११७ म्हणजे शॉर्ट झाल्यासारखा गरम, पी ०११६ म्हणजे आकडा येतोय पण पटण्यासारखा नाही. आत येणाऱ्या हवेच्या सेन्सरसाठी पी ०११२ आणि पी ०११३.

स्कॅनरवर विश्वास नसेल तर इन्फ्रारेड गन वापरा, पण थेट चकचकीत ॲल्युमिनियमवर मारू नका, आकडा कमी येतो. थर्मोस्टॅटच्या घरावर इंजिन थंड असताना काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि गन त्या टेपवर धरा. स्कॅनरपेक्षा पाच-दहा अंश कमी आलं तर ठीक. स्कॅनर १०८ म्हणतोय आणि टेप ७५, तर काहीतरी घोळ आहे.

तिसरी तपासणी: तार की दाणा

इंजिन बंद, इग्निशन ऑन. दोन पिनांच्या कूलंट सेन्सरचा कपलर काढा. स्कॅनरवर आकडा उणे ४० च्या आसपास उतरायला हवा. बऱ्याच गाड्यांत त्याच क्षणी फॅन फुल वेगाने लागतो. ईसीयू म्हणतो, मला काही दिसत नाही, मी आपला फॅन लावून ठेवतो. म्हणजे फॅनचीही परीक्षा झाली. आता वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना एका बारीक तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा १३० च्या वर उडाला पाहिजे.

दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठणठणीत, दोष सेन्सरमध्ये किंवा कूलंटमध्ये. यातलं एक जरी झालं नाही तर सेन्सर निर्दोष, तार शोधा. मल्टीमीटर असेल तर कपलरवर ५ व्होल्ट येतात का तेही बघून घ्या. तीन-चार पिनांच्या सेन्सरवर मात्र तार जोडायचा प्रयोग करू नका, कुठली पिन कशाची हे माहीत नसताना ईसीयूला झटका बसेल.

कपलरच्या आत बघायला विसरू नका. हिरवट-पांढरा थर दिसला तर तोच गुन्हेगार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, पिना सैल असतील तर बारीक सुईने किंचित आवळा. उंदरांचं लक्ष या तारांवर विशेष असतं. शेताकडेला किंवा गोदामाशेजारी गाडी लावत असाल तर तारा कुरतडल्यात का हेही बघा.

चौथी: स्वयंपाकघरातली

सेन्सर काढलाच आहे, तर मल्टीमीटर २० किलो-ओहमवर लावून त्याच्या दोन पिना मोजा. एका पेल्यात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात उकळतं. पाण्यात फक्त टोक बुडवा, पिना कोरड्या ठेवा, आणि दर वेळी मिनिटभर थांबा. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या सेन्सरची चाल अशी असते: ० अंशाला साधारण ५,९०० ओहम, २० ला २,५००, ४० ला १,२०० च्या आसपास, ६० ला ६००, ८० ला ३२०, १०० ला १८६. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असू शकतील, पण उताराची ही चाल तशीच दिसायला हवी. कुठेतरी अचानक तुटक आकडा आला, ‘ओएल’ (मीटरच्या मापाबाहेर) आला किंवा गरम पाण्यातही आकडा जागचा हलला नाही, तर मात्र सेन्सर गेला.

दोन गोष्टी सोलापूरकरांसाठी. मे महिन्यात फळीवर ठेवलेला सेन्सर १,२०० ओहम दाखवत असेल तर दचकू नका, खोलीच ४० अंशांची आहे. आणि आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर असल्याने इथे पाणी १०० ला नाही, ९८-९९ च्या आसपासच उकळतं. तेवढा फरक धरा.

बदलायची वेळ आलीच तर

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे सकाळीच. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडणं हा सोलापुरातल्या गॅरेजांतला सगळ्यात महागडा उतावळेपणा आहे. झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाब. ०.९ च्या झाकणाखाली नुसतं पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतलं सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

1. थंड गाडीचं झाकण उघडून दाब काढा आणि परत लावा, म्हणजे सेन्सर काढताना कमी गळेल.
2. नवा सेन्सर, त्याची ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर हाताशी ठेवा. कपलर काढा.
3. आटे असलेला असेल तर खोलगट सॉकेटने सैल करा, बऱ्याचदा १९ नंबरचा लागतो. प्लॅस्टिकच्या घरात असेल तर यू आकाराची क्लिप ओढली की सुटतो.
4. जुना निघताच नवा लगेच बसवा. आधी हाताने आटे धरा, मग पान्याने थोडंसंच आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जोर केला की जातात, आणि मग सेन्सरच्या दहापट खर्च थर्मोस्टॅटच्या घराचा.
5. एका तारेच्या जुन्या सेन्सरला आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तो आट्यांतूनच अर्थिंग घेतो, टेप गुंडाळली की काटा बंद.
6. कूलंट भरा आणि हवा काढा. हीटर फुल गरमवर, झाकण उघडं, आयडलिंग, वरचा होज पाइप अधूनमधून दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. फॅन दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा.

सहाव्या पायरीवर घाई करणाऱ्यांनी सुरुवातीचा परिच्छेद परत वाचावा. हवेचा फुगा सेन्सरच्या टोकाशी अडकला की नवा कोरा सेन्सरही खोटं बोलतो.

बोअरचं पाणी

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात बोअरचं पाणी सगळ्या कामांना चालतं, असा आपला समज होतो. रेडिएटरला ते चालत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा क्षाराचा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावरही बसतो. थराखालचा सेन्सर मेलेला नसतो, पण गोधडी पांघरल्यासारखा असतो. इंजिन तापल्यावर त्याला उशिरा कळतं, फॅन उशिरा लागतो.

कूलंट तयार मिश्रण मिळतं ते घ्या. घट्ट असेल तर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळा, अर्धं अर्धं. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण डिस्टिल्डची बरोबरी नाही. ‘मला हिरवं हवं, गुलाबी नको’ असा रंगावरून हट्ट धरू नका. रंग हे कसलंही प्रमाण नाही, गाडीच्या पुस्तकात कुठल्या जातीचं लिहिलंय ते बघा. बदलायची मुदतही तिथेच असते. जुन्या पद्धतीचं दोन-तीन वर्षांत, लाँग लाइफ असेल तर पाचच्या आसपास. काढलेलं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

पातळी दर पंधरा दिवसांनी थंड गाडीत बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये बघा. वारंवार भरावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय, एवढंच माझं म्हणणं आहे.

एसीचे सेन्सर आणि आपली सवय

बंपरमागचा बाहेरच्या हवेचा सेन्सर सगळ्यांत दुर्लक्षित. बंपर रंगवायला काढला की कपलर लावायचा विसरतात आणि डॅशबोर्डवर उणे ४० येतं. हसण्यासारखं आहे, पण ऑटोमॅटिक एसीच्या बऱ्याच गाड्या बाहेर इतकी थंडी आहे म्हटल्यावर कॉम्प्रेसर लावतच नाहीत. गाडीला वाटतं आपण सियाचीनला आहोत आणि तुम्ही सात रस्त्याच्या सिग्नलला घाम पुसताय.

हाच सेन्सर बरोबर असूनही एक खोटं बोलतो. उभ्या गाडीत तो डांबराची आणि रेडिएटरची झळ खातो. त्यामुळे सिग्नलला ४८ चा फोटो काढून ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही. हवामान खातं सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवून मोजतं. गाडीचा आकडा खुल्या रस्त्यावर दहा मिनिटं पळाल्यावरचा धरा.

कूलिंग कॉइलमधल्या सेन्सरचं काम बर्फ जमायच्या आत कॉम्प्रेसर तोडायचं. तो बिघडला तर तासभर एसी छान चालतो, मग वाऱ्याचा झोत कमी कमी होत जातो. दहा मिनिटं एसी बंद ठेवला की परत येतो, गाडीखाली पाण्याचं तळं होतं. ही खूण दिसली तर लगेच गॅस भरून घेऊ नका, कॉइलवर बर्फ बसतोय. एसीचा फिल्टर तुंबलेला नाही याची खात्री करून सेन्सर बघायला सांगा.

केबिनच्या सेन्सरची जाळी धुळीने भरते. मऊ ब्रशने झटका, ब्लोअरने जोरात फुंकू नका. आणि उन्हाळ्यात डॅशबोर्ड तडकू नये म्हणून आपण त्यावर टॉवेल किंवा चादर पसरतो. काचेजवळ जो काळा मण्यासारखा ठिपका असतो तो ऊन मोजतो. तो झाकला की ऑटोमॅटिक एसीला ऊन कळत नाही. सोलापुरी चादर उत्तमच, फक्त तेवढी जागा उघडी ठेवा.

आत येणाऱ्या हवेचा सेन्सर धुळीने आणि तेलाच्या वाफेने मळतो. मॅफ क्लीनरचा, म्हणजे हवेच्या सेन्सरसाठीचा, स्प्रे मारून वाळवा. पेट्रोल, कार्ब क्लीनर किंवा कापडाने घासणं नको. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांशेजारी रोज गाडी लावणाऱ्यांनी एअर फिल्टर आणि रेडिएटरपुढची जाळी जरा लवकर लवकर बघावी. रुईचा थर बसला की सगळे सेन्सर खरं बोलूनही गाडी तापते.

सीएनजी आणि बीएस-६ डिझेल

‘गाडी सीएनजीवर जातच नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी कूलंटची पातळी विचारतो. सीक्वेन्शिअल किटचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, कूलंटच्या उष्णतेवर चालतो आणि त्याचा स्वतःचा सेन्सर ठरावीक तापमान, बहुधा ३०-४० च्या दरम्यान, गाठल्याशिवाय गॅसवर जाऊ देत नाही. कूलंट रिड्यूसरपर्यंत पोचलंच नाही तर तो वाट बघत बसतो.

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरवरचे सेन्सर शेकडो अंश मोजतात. काजळी जाळताना ती अडवणारा फिल्टर ५५०-६०० च्या घरात जातो. तिथे घरचा पाना चालवू नका, आटे लालभडक उष्णतेने पकडलेले असतात. चेक इंजिन आला तर नीट स्कॅनर असलेल्या ठिकाणी जा.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर फुल गरम, फुल ब्लोअर. घामाघूम व्हाल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सावलीला बाजूला घ्या. वाफ दिसत नसेल आणि काटा लालच्या अलीकडे असेल तर आयडलिंगवर फॅन लागतो का बघा. वाफ, लाल दिवा किंवा काटा लालमध्ये, तर इंजिन लगेच बंद. आणि चढलेला काटा एकाएकी नेहमीपेक्षा खाली आला, हीटरमधून गार वारा यायला लागला, तरीही लगेच बंद: पाणी संपलंय. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका. फॅन डायरेक्ट करून देतो म्हणणारा भेटला तर घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचं नको. तसं केलं की खरा दोष झाकला जातो.

मी वर्षातून दोनदा ही सगळी फेरी करतो. एकदा जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असते तेव्हा, कारण सकाळच्या थंडीत तिन्ही आकड्यांची तुलना स्वच्छ दिसते. आणि एकदा फेब्रुवारीअखेर, ऊन चढायच्या आत. सर्व्हिस बुकच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्या सध्याच्या गाडीची नोंद आहे: सकाळी १७, १८, १८. थर्मोस्टॅट ८४. फॅन चालू ९७, बंद ९२. खालचा होज पाइप कोरडा.